बहुविध बुद्धिमत्ता कार्डसंच : पट्ट्या उत्तम, प्रश्नावली बाजूलाच ठेवा

बुद्धिमत्ता एकच नसते, तिचे वेगवेगळे प्रकार असतात, असं म्हणत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या; निसर्गविषयक आठवी नंतर आली. या संचात त्या आठांची आठ रंगांची कार्डं आहेत.

अपूर्णांकांचा गठ्ठा सगळ्यात कामाचा. २४ सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्यायची. तिचा एक तृतीयांश ८ सेंटिमीटर, एक चतुर्थांश ६. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवले की १४ भरतात. २४ पैकी १४, म्हणजे ७/१२. अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/७ लिहिणाऱ्या मुलाला पट्टीच अडवते : बेरीज पहिल्या तुकड्याहूनही लहान कशी? कार्डावर घड्या घालायला सांगितलंय, ते मात्र ऐकू नका. तीन सारख्या घड्या नजरेनं जमत नाहीत, शेवटची हमखास आखूड पडते. आधी ८ आणि १६ वर पेन्सिलीनं खुणा करून घ्या.

संगीताचं कार्ड नावापुरतं. नियम चालीवर म्हटला की पाठ होतो, कळत नाही. चार ठोक्यांत एक टाळी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, एवढं दिलं असतं तरी भागलं असतं.

खरी खोट प्रश्नावलीत आहे. ती मुलावर एकाच बुद्धिमत्तेचा शिक्का मारते. बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली, म्हणजे मुलाची शिकण्याची ठरावीक पद्धत, नव्हे, हे खुद्द गार्डनरच सांगत आलेत. ‘संगीतवाला’ ठरलेलं मूल मग पट्टीला हात लावायला तयार नसतं.

आठही कार्डं एका तासाला कोंबू नका. ४० मिनिटांत दोन, फार तर तीन. पट्ट्यांचा कागद पातळ आहे, त्या कार्डशीटवर कापून घ्या.