टेस्ट ड्रायव्हर व्हायचं म्हणून लावलेला ड्रायव्हिंग क्लास: तीन स्टार

तीन स्टार देते. तिन्ही स्टार शिकवणाऱ्या मास्तरांचे, मालकाचा त्यात वाटा नाही.

मी आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेइकल केलं आणि मला गाड्यांच्या कंपनीत टेस्ट ड्रायव्हर व्हायचं आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात हे सांगितलं की लोकांना वाटतं, पोट्टी रेस लावणार. काम भलतंच संथ असतं बाप्पा. कोस्टडाउन घ्या. ठरलेल्या वेगाला गाडी न्यूट्रल करायची आणि ती आपसूक मंदावायला किती वेळ घेते ते मोजायचं, दोन्ही दिशांनी, पुन्हा पुन्हा. नाहीतर बेल्जियन पेव्ह, म्हणजे मुद्दाम खालीवर बसवलेल्या दगडांचा ट्रॅक. त्यावर गाडी झिजवायची आणि शिफ्ट संपली की कुठून काय वाजलं, कोणत्या गिअरला, किती वेगाला, ते लिहून द्यायचं. माझा मावसभाऊ चाकणला हेच करतो. कोणती गाडी चालवतो ते मावशीलाही सांगत नाही.

क्लास बसस्टँडमागे आहे. फी ८,००० रुपये, दोन हप्त्यांत. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. नियमाप्रमाणे हलक्या गाडीचं ट्रेनिंग किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं. इथे चौघांना एका जीपमध्ये बसवतात आणि चौघांचेही तास सोबतच मोजतात. विचारलं तर मालक म्हणतात, बघूनही शिकता येते. हेवीचे, म्हणजे ट्रक-बसच्या ट्रेनिंगचे पैसेही लगेच भरून घ्यायला बघतात, पण हलक्या गाडीचं लायसन्स एक वर्ष जुनं झाल्याशिवाय हेवीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही, हे आपण होऊन सांगत नाहीत. सीट पुढे सरकत नाही. माझ्याएवढी उंची असेल तर घरून उशी न्या.

मास्तर एसटीतून रिटायर झालेले. ते गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर नेतात, काचा खाली घ्यायला लावतात आणि गप्प बसतात. जीपच्या स्पीडोमीटरचा काटा मेलेला, त्यामुळे गिअर बदलायचा तो इंजिनाच्या आवाजावरच. मी तिसरा गिअर ताणत नेला की, "काऊन वं पोरी, गाडी रडून राहिली, तुले आयकू नाही येत?"

मग मध्येच थांबवून विचारतात: कोणतं चाक? चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर वळणावर गाडीचं वजन एका बाजूला जातं आणि घरघर बदलते. डावीकडे वळताना वाढली तर उजवं चाक आधी बघायचं. कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, खड्ड्यात करकरतात. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) ढिला असेल तर क्लच सोडताना खट्ट होतं. हे सगळे पार्ट आम्ही आयटीआयत टेबलावर खोलले होते, पण चालत्या गाडीत ऐकवले कोणीच नव्हते. मी घरी येऊन वहीत लिहायला लागले. मास्तरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "तारीख टाकत जाय."

आता जे इथे मिळत नाही ते. एक, वेग धरून ठेवणं. मेलेल्या काट्यावर ते कसं जमणार? ते मी मामाच्या गाडीत समृद्धीवर केलं. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा, मी ८० धरायचे आणि मामा काटा ७८ झाला की ओरडायचे. दोन, जोराचा ब्रेक. क्लासमध्ये 'हळू दाब, हळू दाब' एवढंच. एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत आणीबाणीला पेडल पूर्ण दाबून धरायचं असतं, पायाखाली थरथरलं तरी सोडायचं नसतं, आणि या जीपला एबीएस नाहीच. हायस्पीडचं तर नावच नको. इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तसलं काही शिकायला तालुक्याच्या क्लासला जाणं म्हणजे बोरीच्या झाडाला आंबे मागणं.

नुसतं लायसन्स काढायचं असेल तर पैसे जास्त वाटतील. ज्यांना या कामाला जायचं आहे त्यांनी सकाळी सहाची बॅच मागा, मास्तर तेव्हाच असतात. दुपारी मालकाचा भाचा शिकवतो, अन् मोबाइल बघतो. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या गाड्यांनी रस्ता भरलेला असतो, जीप दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. म्हणून नाव टाकायचं तर होळीनंतर.