दहा दिवसांची भाऊबंदकी: ‘द अम्ब्रेला अ‍ॅकॅडमी’चा दुसरा सीझन

डॅलसमधल्या एका टीव्ही-रेडिओ दुकानामागचा बोळ. हवेत निळं भोक पडतं आणि त्यातून माणूस खाली आदळतो. १९६० मध्ये क्लाउस, सोबत त्यालाच दिसणारा मेलेला भाऊ बेन. १९६१ मध्ये अ‍ॅलिसन, १९६२ मध्ये लूथर. १९६३ च्या सप्टेंबरात डिएगो, ऑक्टोबरात व्हान्या. जागा एकच, तारखा वेगळ्या. ही सगळी अचाट शक्ती असलेली हारग्रीव्ह्ज घरातली भावंडं; पहिल्या सीझनच्या शेवटी २०१९ मधल्या जगबुडीतून सुटण्यासाठी त्यांच्यातल्या फाइव्हने सगळ्यांना घेऊन काळात उडी मारली होती. सगळ्यात शेवटी, २५ नोव्हेंबर १९६३ ला फाइव्ह येऊन पडतो, तेव्हा शहरात सोव्हिएत फौज घुसलेली असते, त्याची भावंडं रस्त्यावर लढत असतात आणि अण्वस्त्रं सुटलेली असतात. हेझल नावाचा निवृत्त मारेकरी त्याला तिथून उचलून दहा दिवस मागे, १५ नोव्हेंबरला नेतो. आता या दहा दिवसांत विखुरलेली भावंडं शोधायची, जगाचा नाश कशामुळे होतो ते हुडकायचं आणि सगळ्यांना घेऊन २०१९ ला परतायचं.

नेटफ्लिक्सवर ३१ जुलै २०२० ला आलेला हा दहा भागांचा सीझन मालिकेच्या चारही सीझनमध्ये सर्वांत घट्ट विणलेला आहे. मूळ कॉमिक्स जेरार्ड वे यांचं, चित्रं गॅब्रिएल बा यांची. मालिकेची सूत्रं स्टीव्ह ब्लॅकमन यांच्याकडे. पुढच्या मजकुरात शेवटासकट सगळं उघड केलं आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून घ्यावा.

सुपरहिरोंच्या मालिकांत काळप्रवास आला की बहुधा कथेचा कणा मोडतो. मेलेला परत आणता येतो, चूक पुसता येते, मग कशाचंच काही वाटेनासं होतं. इथे उलटं झालंय, आणि त्याचं कारण त्या बोळात आहे. भावंडं एकाच तारखेला पडली असती तर पहिल्या सीझनमधलंच भांडण पुन्हा सुरू झालं असतं. वेगवेगळ्या वर्षी पडल्यामुळे प्रत्येकाला बापाविना, भावंडांविना जगायला कमीजास्त काळ मिळाला. क्लाउसला तीन वर्षं मिळाली, त्यात त्याने एक पंथच उभा केला आणि पुढच्या काळातल्या गाण्यांच्या ओळी शिष्यांना उपदेश म्हणून ऐकवल्या. अ‍ॅलिसनने दोन वर्षांत संसार मांडला. लूथर नाइटक्लब चालवणाऱ्या जॅक रूबीच्या पदरी राहून पैज लावून चालणाऱ्या मारामाऱ्या करतो. डिएगो २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये ज्यांची हत्या होणार आहे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींना वाचवण्याचा ध्यास घेऊन वेड्यांच्या इस्पितळात पोहोचलाय. व्हान्याला तर जेमतेम महिना मिळाला. गाडीची धडक बसून स्मृती गेली आणि ती सिसीच्या शेतावर, सिसीच्या हार्लन या न बोलणाऱ्या मुलाची काळजी घेत राहिली. (व्हान्याच्या भूमिकेत एलियट पेज, तिसऱ्या सीझनपासून हीच व्यक्तिरेखा व्हिक्टर आहे.) म्हणजे जो जितका आधी पडला, त्याची मुळं तितकी खोल. फाइव्ह एकटाच असा की ज्याचं इथे काहीच नाही, म्हणूनच घाईही त्यालाच.

काळप्रवासाचं यंत्र समजून घेतलं तर सीझनची निम्मी गुंतागुंत सुटते. इथे दोन वाटा आहेत. एक फाइव्हची स्वतःची शक्ती. एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारणं त्याला सहज जमतं, पण वर्षांची उडी घेतली की हिशेब चुकतो. सगळ्यांना एकदम ओढून नेल्यामुळेच ते तीन वर्षांच्या अंतरात सांडले. दुसरी वाट कमिशनच्या ब्रीफकेसची. कमिशन म्हणजे काळाची रेघ सरळ ठेवणारं सरकारी थाटाचं दफ्तर. त्यांची ब्रीफकेस नेमक्या तारखेला नेते, पण ती मिळवायची तर त्यांची अट मान्य करावी लागते. सगळा सीझन या ब्रीफकेसभोवती फिरतो.

सातव्या भागात ती हाती येते. कमिशनमधली हँडलर (केट वॉल्श) फाइव्हकडून कमिशनच्या संचालक मंडळाची कत्तल करवून घेते, १९८२ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावात. मोबदला म्हणून ब्रीफकेस आणि नव्वद मिनिटं. तेवढ्यात सगळ्यांनी बोळात जमायचं. काम एवढंच, तरी ते फसतं, आणि का फसतं हे लेखकांनी फार बारकाईने रचलंय. अ‍ॅलिसनला नवऱ्याचा निरोप घ्यायचाय. व्हान्याला सिसी आणि हार्लन यांना सोबत न्यायचंय. क्लाउसला आपल्या आयुष्यात पुढे येणाऱ्या एका माणसाचं मरण टाळायचंय. कोणीही दुष्टपणा करत नाही, आळसही करत नाही. प्रत्येकाचं कारण खरं आहे, फक्त ते इतरांना सांगण्याची सवय या घरात कोणालाच लागलेली नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत जातो, बोळात फाइव्ह जवळजवळ एकटाच उरतो. काळप्रवासाच्या कथेत घड्याळ असतंच, पण एका कुटुंबाच्या मौनाने ते निकामी होताना क्वचित दिसतं.

या मौनाचं मूळ ‘अ लाइट सपर’ या सहाव्या भागात उघडं पडतं. १९६३ मध्ये बाप, रेजिनाल्ड हारग्रीव्ह्ज (कॉल्म फिओर), जिवंत आहे. ही मुलं जन्मायला अजून सव्वीस वर्षं आहेत. तो त्यांना जेवायला बोलावतो, कारण आपल्या मागे लागलेले हे अनोळखी लोक कोण हे त्याला जाणून घ्यायचंय. मुलं मात्र आयुष्यभर ज्याच्या कौतुकाच्या एका शब्दासाठी झुरली, त्याच्यासमोर बसलीत. डिएगो तावातावाने केनेडींच्या हत्येच्या कटाचा आरोप करतो. रेजिनाल्ड आवाज न चढवता त्याची चिरफाड करतो, आणि डिएगोच्या जिभेवर लहानपणचं तोतरेपण परत येतं. डेव्हिड कास्टान्येडाने तो क्षण नुसत्या जबड्याने केलाय: शब्द दातांपर्यंत येतो, अडतो, डोळे खाली जातात. लूथर शर्ट फाडून आपलं माकडासारखं अंग दाखवतो, जणू ‘बघा, तुम्ही काय केलंत’. बापाला ते आठवणारही नाही, कारण त्याने ते अजून केलेलंच नाही. ज्याने गुन्हा केलाय त्याच्यासमोर उभं राहून जाब विचारावा आणि त्याच्या हातून तो गुन्हा अजून घडलेलाच नसावा, हे काळप्रवासाशिवाय दाखवता आलं नसतं.

त्याच रात्री बाप फाइव्हला एक सल्ला देतो: दशकांच्या उड्या मारू नकोस, सेकंदांपासून सुरुवात कर. त्या वेळी तो उडत उडत आलेला वाटतो. दहाव्या भागात सिसीच्या शेतावर हँडलर सगळ्यांना गोळ्या घालते, फाइव्ह मरणाच्या दारात असतो आणि काळ मोजके काही सेकंद मागे ओढतो. सगळे वाचतात ते या हिशेबाने. पाहताना सहावा भाग घाईत उरकू नये, तो यासाठी.

अ‍ॅलिसनचा धागा सीझनमधला सर्वांत धाडसी आहे. ती १९६१ च्या टेक्ससमध्ये येते ती काळी स्त्री म्हणून, आणि गळ्याला झालेल्या जखमेमुळे तोंडातून आवाज नाही. तिची शक्तीच आवाजात: ‘मी एक अफवा ऐकली’ म्हटलं की समोरचा पुढचं वाक्य खरं करतो. आवाज परतल्यावरही ती शक्ती वापरत नाही. रेमंड चेस्टनटशी लग्न करते, समान हक्कांच्या चळवळीत उतरते, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहात शांतपणे बसून राहण्याची तयारी करते. पोलिसांच्या काठ्या रेमंडवर पडायला लागतात तेव्हा ती शक्ती वापरते, आणि तिथून तिचं लग्न हादरतं. पुढे त्याच उपाहारगृहात ती रेमंडला आपली ताकद दाखवते. गोरा माणूस तिच्या कपात कॉफी ओततो, कप भरतो, ती त्याला थांबवत नाही. कॉफी उतू जाते आणि त्याचा हात भाजत राहतो. एमी रेव्हर-लॅम्पमनच्या चेहऱ्यावर समाधान आहे. रेमंड तिला थांबवतो. अहिंसेच्या बळावर उभ्या राहिलेल्या चळवळीत एका बाईकडे समोरच्याला वाकवण्याचं अस्त्र असेल तर तिने काय करावं, हा प्रश्न मालिका विचारते खरी, पण नंतर फार लवकर सोडून देते. या धाग्याला आणखी एक भाग मिळायला हवा होता.

आठव्या भागातला दोन फाइव्हचा प्रसंग काळप्रवासाच्या शौकिनांसाठी मेजवानी आहे. पहिल्या सीझनमध्ये फाइव्ह केनेडींच्या हत्येच्या कामगिरीवरून पळून २०१९ ला आला होता, म्हणजे २२ नोव्हेंबरला म्हातारा फाइव्ह डॅलसमध्ये असणारच. बेत असा की त्याची ब्रीफकेस घ्यायची आणि बदल्यात त्याला समीकरणातली चूक सांगायची, म्हणजे तो पोरवयाच्या शरीरात न अडकता २०१९ ला पोहोचेल. अडचण एकच: स्वतःच्याच जवळ गेलं की वेड लागतं, आणि त्याच्या सात पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी ‘मला काही होत नाही’ असा नकार, मग खाज, अतोनात तहान आणि लघवी, पोटात वायू, टोकाचा संशय, घामाच्या धारा, आणि शेवटी डोक्यात खून. यादी आधीच सांगून टाकल्यामुळे पुढे दोघांपैकी कोण कितव्या पायरीवर आहे हे आपणच मोजू लागतो. एडन गॅलघर आणि शॉन सुलिव्हन यांनी मान वळवण्याची, तुच्छतेने ओठ मुडपण्याची लकब इतकी जुळवलीय की वयातलं अंतर विसरायला होतं. मध्ये उभा लूथर (टॉम हॉपर) दोन्ही भावांची समजूत काढतोय. त्याला या सीझनमधलं सर्वांत चांगलं काम इथेच मिळालंय.

दुबळ्या जागा आहेत, आणि त्या लपत नाहीत. तिसऱ्या ते पाचव्या भागात गती मंदावते. कमिशनच्या दफ्तरातले आणि मॅजेस्टिक १२ या गुप्त मंडळाचे प्रसंग पुढच्या सीझनसाठी पेरणी करतात, पण त्या वेळी हाती काही देत नाहीत. पहिल्या सीझनच्या शेवटी उडी मारताना सगळे लहान मुलं झालेले दिसतात. डॅलसमध्ये मात्र मोठेच पडतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. इलियट, त्या टीव्ही-रेडिओ दुकानाचा एकटा मालक, ज्याने या घराला आसरा दिला, त्याचं क्रूर मरण दाखवून कथा लगेच पुढे निघते. त्याच्यासाठी घरातल्या कोणी पाच मिनिटं थांबायला हवं होतं.

भावंडांच्या मागावर असलेल्या तीन स्वीडिश मारेकऱ्यांबद्दल तक्रार ऐकू येते की ते बोलतच नाहीत. पण ते भाऊ आहेत हे लक्षात ठेवून पाहावं. एक मेला की उरलेले दोघे त्याला आपल्या रीतीने अग्नी देतात. अ‍ॅलिसन पुढे आपल्या शक्तीने एका भावाच्या हातून दुसऱ्याला मारवते, आणि एकटा उरलेला तो शेवटी हँडलरला गोळी घालतो. सात भावंडं दहा भागांत जे एकमेकांना सांगू शकत नाहीत ते या तिघांत न बोलता होतं.

हँडलरची दत्तक मुलगी लायला (रितू आर्य) ही सीझनची खरी कमाई. या भावंडांसारखाच तिचाही जन्म १ ऑक्टोबर १९८९ चा, आणि समोरच्याची शक्ती उचलण्याची तिची ताकद शेतावरच्या लढाईत कामी येते. फाइव्हने तिच्या आईवडिलांना मारलं होतं, पण हुकूम हँडलरचा होता. म्हणजे ‘घरातल्याच माणसाने केलेला घात’ तिच्या वाट्यालाही आहे.

केनेडींच्या गाठीत सीझनचं सगळं कसब एकवटलंय. एफबीआयच्या ताब्यात व्हान्याचा छळ होतो, तिची शक्ती उसळते, स्फोटाने मोटारींचा ताफा थांबतो आणि केनेडी वाचतात. दोष सोव्हिएत संघावर येतो, युद्ध पेटतं. म्हणजे जग वाचवायचं तर राष्ट्राध्यक्षांनी मरायला हवं, आणि डिएगो त्यांनाच वाचवायला धावतोय. तोड काढतो बेन. तो व्हान्याच्या मनात शिरतो, तिला समजावतो, की पहिली जगबुडी हा तिचा एकटीचा दोष नव्हता, आणि विरून जातो. जस्टिन मिनने हा निरोप एकही शब्द न चढवता घेतलाय.

पाहण्याआधी पहिल्या सीझनचा शेवटचा भाग एकदा पुन्हा पाहून घ्यावा, तेवढं पुरतं. भाग साधारण पाऊण तासाचे आहेत. पहिले दोन सलग पाहावेत, कारण दुसऱ्यात केनेडींच्या हत्येच्या वेळी फ्रँकेल दाम्पत्याने टिपलेली फिल्म येते आणि कोडं तिथून सुरू होतं. नववा आणि दहावा मधे खंड न पाडता. रक्तपात भरपूर आहे, एफबीआयच्या ताब्यातल्या व्हान्याला दिलेल्या विजेच्या झटक्यांचं दृश्य अंगावर येतं. लहान मुलांसोबत पाहण्यासारखा नाही. शेवटच्या दृश्यात २ एप्रिल २०१९ ला सगळे घरी परततात तेव्हा माणसांकडे बघण्याआधी भिंतीकडे बघावं: जिथे फाइव्हचं चित्र होतं, तिथे आता बेनचं आहे.