नॅनोव्हीएनए-एच४ : फीडर तपासायला चांगला, डुप्लेक्सरला अपुरा

नॅनोव्हीएनए-एच४ हे अँटेना आणि फीडर, म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल, तपासायचं छोटं यंत्र. बेस स्टेशन आणि रिपीटर (सिग्नल घेऊन पुन्हा पाठवणारा संच) लावणाऱ्यांनी ते घ्यावं. फक्त त्यावरच्या एसडब्ल्यूआरच्या (अँटेनाकडून किती लाट परतते ते सांगणाऱ्या) आकड्याला भुलू नये.

१५० मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-२१३ केबल साधारण अडीच डेसिबल खाते. वडोदऱ्याच्या पावसात पीएल-२५९ कनेक्टरमधून पाणी केबलच्या तारांच्या जाळीत झिरपलं की लॉस वाढतो, आणि खाली खोलीत एसडब्ल्यूआर उलट सुधारलेला दिसतो! परतणारी लाट वाटेतच जिरते, म्हणून. शंका आली तर अँटेना सोडवून केबलचं वरचं टोक शॉर्ट करा आणि खाली रिटर्न लॉस (लाट जाऊन परत येईपर्यंत किती घटली ते) वाचा. त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एकेरी लॉस. एवढ्या केबलला रिटर्न लॉस ५ डेसिबलच्या आसपास यायला हवा. ९-१० आला तर केबल बदला, सुकवत बसू नका. पाणी शिरलेली जाळी काळी पडते, ती काही पुन्हा उजळत नाही. दोष कुठे आहे ते ट्रान्सफॉर्म मेनूत दिसतं, पण व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला लाटेचा वेग, प्रकाशाच्या तुलनेत) ६६ टक्के भरायला विसरलात तर अंतराचे मीटर चुकतील.

आधी रेंज ठरवा, समजा १३० ते १७५ मेगाहर्ट्झ, मगच ओपन, शॉर्ट, लोड हे तीन तुकडे लावून कॅलिब्रेशन. रेंज बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा. यंत्राचं एसएमए कनेक्टर लवकर झिजतं. त्यावर पिगटेल (आखूड जोडकेबल) कायमची ठेवा आणि कॅलिब्रेशन तिच्या टोकाला करा.

अँटेनाचा पाव तरंगलांबीचा रॉड जेमतेम अर्ध्या मीटरचा. १ मिलिमीटर कापला की डिप (एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असलेली जागा) सुमारे ०.३ मेगाहर्ट्झ वर जातो, म्हणून कानस बरी, कटर नको. उत्तरायणानंतर मात्र आधी गच्चीवर नजर टाका: मांजाने रेडियल (रॉडच्या बुडाशी पसरलेल्या काड्या) वाकवलेले असतील तर रॉडचा काही दोष नसतो.

आता उणिवा. उन्हात पडदा वाचता येत नाही. डायनॅमिक रेंज (किती क्षीण सिग्नलपर्यंत मोजता येतं ती मर्यादा) ३०० मेगाहर्ट्झपर्यंत ७० डेसिबलच्या घरात, त्यापुढे कमी. डुप्लेक्सरचा (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरचा) ७५-८० डेसिबलचा नॉच, म्हणजे नको ती फ्रिक्वेन्सी दाबणारा खड्डा, त्यात बुडून जातो. पॉवर दिल्यावरच ठिणगी मारणारा ढिला सांधा यात दिसत नाही, त्याला वॉटमीटरच हवा. आणि रेडिओला जोडलेलं असताना चुकून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं गेलं तर यंत्र संपलं.

घेताना सोबतचा लोड मल्टिमीटरने मोजा. ५० ओहमला एखादा ओहम इकडेतिकडे चालेल. ४६ दाखवत असेल तर तिथेच परत करा.