नऊ महिने वापरलेला विद्यार्थी सूक्ष्मदर्शक: कांद्याच्या मुळापासून दह्यातल्या जिवाणूंपर्यंत

एका आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा), एलईडी दिव्याचा, आठ-दहा हजारांच्या वर्गातला हा सूक्ष्मदर्शक. ४, १०, ४० आणि तेलातलं १०० एक्स (म्हणजे पट) अशी चार ऑब्जेक्टिव्ह (स्लाईडकडची भिंगं), १० एक्सचा आयपीस, खाली ॲबे कंडेन्सर (उजेड स्लाईडवर एकवटणारं भिंग) आणि आयरिस डायफ्रॅम (उजेडाची वाट लहान-मोठी करणारी झडप), स्लाईड सरकवायला मेकॅनिकल स्टेज. या वर्गातली बरीच यंत्रं अंबाल्याहून येतात आणि त्यांची रचना जवळपास सारखीच असते. त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं दुसऱ्या छापाच्या यंत्रालाही लागू पडेल. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत बारावी आणि बीएस्सी पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं यावर झाली: कांद्याच्या मुळातलं सूत्री विभाजन, रिओ या शोभेच्या झाडाच्या कळ्यांतलं अर्धगुणसूत्री विभाजन, गालाच्या पेशी, यीस्ट, दह्यातले जिवाणू.

आधी निकाल. पेशीविज्ञानासाठी यंत्र उत्तम, गुणसूत्रं पाहायला चांगलं, जिवाणूंसाठी कामापुरतं. आणि चित्र वाईट आलं तर दहापैकी आठ वेळा दोष भिंगाचा नसतो. कंडेन्सर, कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) किंवा स्लाईडवरचा जाड नमुना यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं.

खोक्यावर ‘१५०० पट’ असं ठळक छापलं होतं. सोबतचा १५ एक्सचा आयपीस लावला की तेवढा आकडा भरतो खरा, पण त्यात नवीन काहीच दिसत नाही, तेच धूसर चित्र मोठं होतं. दोन बिंदू वेगळे दिसणं ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल ॲपर्चरवर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्या आकड्यावर) ठरतं. ४० एक्सवर ०.६५ कोरलेलं असतं. हिरव्या प्रकाशात ते साधारण अर्धा मायक्रॉन अंतर वेगळं दाखवतं. १०० एक्सचं १.२५ म्हणजे पाव मायक्रॉनच्या जरा वर. उपयोगी मोठेपणा ॲपर्चरच्या हजारपटीपर्यंत धरतात, म्हणजे इथे १२५० च्या आत. १५ एक्सचा आयपीस खोक्यातच राहू द्यावा. घेताना ऑब्जेक्टिव्हवर ॲपर्चर आणि ‘१६०/०.१७’ (नळीची लांबी आणि कव्हरस्लिपची जाडी, मिलिमीटरमध्ये) कोरलंय का ते पाहावं. नुसतं ‘४०’ लिहिलेलं भिंग घेऊ नये.

त्या ०.१७ चा अर्थ मुलांना पहिल्याच तासाला सांगायला हवा. ४० एक्स हे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपमधून पाहण्यासाठीच घडवलेलं असतं. म्हणून कव्हरस्लिप न लावलेला ग्रॅमचा स्मिअर (ग्रॅमच्या पद्धतीने रंगवलेला जिवाणूंचा पातळ थर) ४० एक्सखाली धुरकट दिसतो आणि मुलं फाईन नॉब फिरवत बसतात. तो स्मिअर १० एक्सवर शोधावा आणि तेल टाकून थेट १०० वर जावं. तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक सारखाच, सुमारे १.५१५, असल्याने तिथे कव्हरस्लिप नसली तरी फरक पडत नाही. स्लाईड चुकून उलटी ठेवली तर ४० एक्स फोकसच होत नाही, कारण त्याच्या आणि कव्हरस्लिपच्या मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते.

उजेड जास्त वाटला की हात कंडेन्सर खाली करायला जातो. तसं करू नये. कंडेन्सर वर, स्लाईडच्या अगदी जवळ ठेवावा आणि उजेड दिव्याच्या नॉबने कमी करावा. १० एक्सवर फोकस करून आयपीस काढायचा, नळीतून आत पाहायचं आणि डायफ्रॅम बंद करत ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या भिंगाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग उजळलेला ठेवायचा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की पुन्हा तेच. न रंगवलेल्या पेशींसाठी डायफ्रॅम आणखी थोडा मिटला की कडा उठून दिसतात, पण त्याची किंमत बारीक तपशिलात मोजावी लागते.

आता कांदा. या यंत्राचं सर्वांत समाधानकारक काम तेच, आणि सर्वांत जास्त बिघडणारंही तेच. लहान कांदा घ्यावा, बुडाची जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडावीत, मुळं फुटतात त्या चकतीला इजा होऊ देऊ नये. बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा ठेवून पाणी रोज बदलावं. तीन-चार दिवसांत मुळं एक ते दोन सेंटिमीटर झाली की सकाळी कापावीत आणि तीन भाग अल्कोहोल, एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड यात २४ तास ठेवून फिक्स करावीत, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थांबतात. पुढे लागेपर्यंत ७० टक्के अल्कोहोलमध्ये टिकतात.

नंतर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशांवर आठ-दहा मिनिटं. या पायरीत दोन पेशींमधलं पेक्टिन सुटतं. कमी ठेवलं तर पेशी एकावर एक ढिगाने बसतात. जास्त ठेवलं तर टोक चिमट्यात चुरतं आणि रंगही नीट धरत नाही. पाण्यात धुऊन ॲसिटोकार्मिनमध्ये अर्धा तास. वॉटर बाथ नसेल तर नऊ थेंब रंग आणि एक थेंब ॲसिड वॉचग्लासमध्ये घेऊन त्यात मुळं ठेवावीत आणि दिव्यावर तीन-चार वेळा नुसती कोमट करावीत, उकळी येऊ देऊ नये.

रंगलेल्या मुळाचा सर्वांत गडद भाग टोकाचा एक-दीड मिलिमीटर असतो. तेवढाच घ्यायचा. बाकीचं मूळ फेकून द्यायला मुलांचा हात धजत नाही, आणि मग स्लाईडभर लांबट, शांत पेशी दिसतात, विभाजन कुठेच नाही. ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडच्या थेंबात टोक ठेवून कव्हरस्लिप घालावी, पेन्सिलीच्या मागच्या बाजूने हलके ठोके द्यावेत, मग टीपकागदाच्या घडीत धरून अंगठ्याने सरळ खाली दाबावं. अंगठा बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि ती स्लाईड वायाच जाते.

१० एक्सवर चौकोनी, दाट केंद्रकांचा पट्टा शोधायचा, मग ४० वर जायचं. विभाजनाची पहिली पायरी, पूर्वावस्था, भरपूर; गुणसूत्रं मधोमध येतात ती मध्यावस्था आणि दोन टोकांकडे ओढली जातात ती पश्चावस्था मोजक्या. असंच असायला हवं, कारण पूर्वावस्था जास्त वेळ चालते. कांद्याची १६ गुणसूत्रं सुटी सुटी मोजता येतील ही अपेक्षा मात्र साध्या स्क्वॅशकडून (अशा दाबून केलेल्या स्लाईडकडून) ठेवू नये. त्यासाठी फिक्स करण्याआधी मुळं पॅराडायक्लोरोबेंझिनच्या संपृक्त द्रावणात तीनेक तास ठेवतात. तर्कूचे धागे मोडतात, गुणसूत्रं आखडून पसरतात. पण मग त्या मुळात पश्चावस्था शोधू नये, धागेच नाहीत तर गुणसूत्रं ओढणार कोण? मायटॉटिक इंडेक्ससाठी (विभाजन चालू असलेल्या पेशींचं प्रमाण काढायला) हे औषध न दिलेली मुळंच घ्यावीत आणि वेगवेगळ्या फील्डमधून (एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळांतून) किमान ५०० पेशी मोजाव्यात.

रिओच्या कोवळ्या कळ्यांतले परागकोष याच रंगात चांगले येतात. त्याची १२ गुणसूत्रं टोकाला टोक जोडून साखळ्या किंवा कडं करतात. स्थानांतरण (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) हा आनुवंशिकीतला कोरडा वाटणारा धडा ते कडं पाहिल्यावर एकदम कळतो.

दह्याचा ग्रॅम स्टेन (जांभळा की गुलाबी यावरून जिवाणूंचा गट ओळखायची रंगपद्धत) ही १०० एक्सची खरी परीक्षा. दही जसंच्या तसं पसरलं तर स्निग्धांश आणि केसीन रंग धरून सगळं झाकून टाकतात. टाचणीच्या डोक्याएवढं दही पाण्याच्या मोठ्या थेंबात मिसळावं, पातळ पसरून वाळवावं, काच ज्योतीवरून दोन-तीनदा न्यावी, मग अल्कोहोलने स्निग्धांश धुवून पुन्हा वाळवावी. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुणं, आयोडिन एक मिनिट, धुणं. त्यानंतर ९५ टक्के अल्कोहोल थेंबाथेंबाने, ओघळ रंगहीन होईपर्यंत, साधारण १० ते २० सेकंद, की लगेच पाणी. शेवटी सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. लॅक्टोबॅसिलसच्या काड्या आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या माळा जांभळ्या दिसायला हव्यात. गुलाबी दिसल्या तर अल्कोहोल जास्त झालं किंवा दही जुनं आहे. म्हाताऱ्या पेशींची भिंत रंग सोडते. १८८४ मध्ये हान्स ख्रिस्तियन ग्रॅमने मांडलेली ही पद्धत आजही अल्कोहोलच्या त्याच एका पायरीवर अडते. जाड स्मिअर असेल तर काठावरच्या पातळ भागावरूनच निष्कर्ष काढावा.

गालाच्या पेशी आणि यीस्ट मेथिलिन ब्लूमध्ये सहज दिसतात. १० एक्सच्या, १८ फील्ड नंबरच्या (आयपीसच्या वर्तुळाचा मिलिमीटरमधला व्यास) आयपीसमध्ये ४० वर फील्डचा व्यास ०.४५ मिलिमीटर भरतो. एवढं माहीत असलं तरी पेशीच्या आकाराचा ठोकळ अंदाज बांधता येतो.

तक्रारी. चौथ्या महिन्यात कोर्स फोकस आपोआप खाली सरकू लागला. नॉबच्या आतल्या बाजूची ताण देणारी रिंग थोडी आवळल्यावर थांबला. दिवा मंद केला की मोबाईलच्या व्हिडिओत काळे पट्टे येतात. चित्रीकरणात उजेड पूर्ण ठेवून दिव्यासमोर उजेड कमी करणारा फिल्टर लावावा. तेलानेही बरंच नुकसान केलं. १०० वरून मागे फिरताना ४० एक्स त्याच तेलातून जातं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला धुरकट दिसतं. तेल पडलं की त्या स्लाईडवर ४० कडे परत यायचं नाही, हा नियम कडक हवा. काम संपताच १०० एक्स लेन्स पेपरने टिपावं आणि दुसऱ्या कागदावर जेमतेम ओल येईल इतकंच लेन्स क्लीनर घेऊन पुसावं. झायलिनचा भरपूर वापर भिंगाच्या कडेचा डिंक सैल करतो. सीडरवुड तेल वाळून कडक होतं, त्याऐवजी न वाळणारं कृत्रिम तेल घ्यावं.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, यंत्र प्लास्टिकच्या टोपाखाली बंद ठेवलं तर भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि ती कोटिंग खाते. हवाबंद डब्यात निळी सिलिका जेल ठेवावी, गुलाबी झाली की तापवून पुन्हा वापरावी. एवढं केल्यावर या यंत्राची भिंगं सप्टेंबरातही स्वच्छ होती. सोबत कव्हरस्लिप घेताना क्रमांक पाहावा: १.५ क्रमांकाची जाडी ०.१७ च्या आसपास असते, १ क्रमांकाची त्याहून पातळ. स्वस्त, बेनावाच्या पाकिटातल्या जाड स्लिपांनी या ४० एक्सचं चित्र जितकं खराब केलं, तितकं दुसऱ्या कशानेच केलं नाही.