शिखरावरून की अवकाशातून? कार्बन डायऑक्साइडच्या मापनाच्या दोन रीती

हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये सुरू केलेली नोंद आजही चालू आहे. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. तेथील उपकरण प्रत्यक्ष हवा आत घेते आणि प्रमाणित वायूच्या नळकांड्यांशी ताडून पाहते, म्हणून दशकांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशेजारी निःशंकपणे मांडता येतो. मात्र केंद्र एका जागी खिळलेले असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने रस्ता व वीज तुटली, तेव्हा मोजणी शेजारच्या मौना केआवर हलवावी लागली.

नासाचा २०१४ मधील ओसीओ-२ हा उपग्रह हवेला स्पर्शही करत नाही. जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशातील कोणता भाग वायूने शोषला, यावरून तो जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभाची सरासरी काढतो आणि जेथे एकही केंद्र नाही अशा महासागरांवर व अरण्यांवरही पोहोचतो. परंतु ढग आडवे आले की त्याची नजर अडते, रात्री तो आंधळाच असतो, आणि त्याच्या आकड्यांची पारख शेवटी जमिनीवरील उपकरणांनीच करावी लागते.

आपल्याकडे ही अडचण विशेष जाणवते, कारण पावसाळ्यात सह्याद्री महिनोन्‌महिने ढगांखाली असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिंहगडावर बाटल्यांत हवेचे नमुने गोळा करण्याचा मार्ग धरला, तो म्हणूनच मला अधिक भरवशाचा वाटतो.