टेट्राकिस पॅलेडियम: आठ महिने वापरल्यावर

सुझुकी कपलिंगसाठी, म्हणजे दोन रेणू कार्बन-कार्बन बंधाने जोडणाऱ्या रिॲक्शनसाठी, आठ महिने टेट्राकिस हा उत्प्रेरक वापरतोय. पूर्ण नाव टेट्राकिस-ट्रायफेनिलफॉस्फिन-पॅलेडियम, पण लॅबमध्ये एवढं कोण म्हणतं!

पहिली बाटली उघडली तेव्हा भुकटी पिवळीधमक होती. जोडायचे दोघे म्हणजे ब्रोमाइड आणि बोरॉनिक आम्ल, बेस म्हणून पोटॅशियम कार्बोनेट, सॉल्व्हंट डायॉक्सेन-पाणी आणि 5 मोल टक्के (ब्रोमाइडच्या शंभर रेणूंमागे पाच) टेट्राकिस. 90 अंशांवर रात्रभर. सकाळी टीएलसीवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे दाखवणारी पट्टी) ब्रोमाइडचा ठिपका गायब. दोन महिने मी याचे गोडवे गात होतो.

तिसऱ्या महिन्यात यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, घसरलं. फ्लास्कच्या काचेवर काळा थर, म्हणजे पॅलेडियम धातू होऊन बाहेर पडलेलं. आधी बोरॉनिक आम्लावर खापर फोडलं, मग बेसवर. बाटलीकडे नीट पाहिलं तेव्हा आतला माल हिरवट-तपकिरी. चूक माझीच. दर वेळी बाटली उघडी ठेवून निवांत वजन करायचो. यातलं पॅलेडियम शून्य अवस्थेतलं. भोवतीची फॉस्फिन (त्याला धरून बसलेले फॉस्फरसवाले रेणू) सुटून जागा मोकळी झाली की ते कार्बन-ब्रोमीन बंधात शिरतं. हवा लागली तर ऑक्सिजन आधीच डाव साधतो, आणि सुटलेल्या फॉस्फिनचं ऑक्साइड होतं. नवी बाटली आर्गॉनखाली फ्रीजमध्ये ठेवली, बाहेर काढल्यावर गारवा जाईपर्यंत झाकणाला हात लावला नाही, सॉल्व्हंटमधून अर्धा तास आर्गॉन सोडला. यील्ड परत जागेवर.

तक्रारी आहेतच. 1 मिलिमोलच्या रिॲक्शनला 58 मिलिग्रॅम घालावं लागतं, त्यात पॅलेडियम जेमतेम 9 टक्के. बाकी सगळं फॉस्फिन, जे ऑक्साइड होऊन शुद्धीकरणाच्या कॉलममध्ये पाठ सोडत नाही. साध्या ॲरिल क्लोराइडपुढे (ब्रोमीनच्या जागी क्लोरीन) तर हे ढिम्म. एकदा मेथॉक्सी गटाच्या आयोडाइडवर एक अनोळखी ठिपका आला. आठवडाभर डोकं खाजवल्यावर कळलं, फॉस्फिनवरचा फेनिल गटच निसटून उत्पादनात जाऊन बसलाय! हे होऊ शकतं असं वाचलं होतं, स्वतःच्या फ्लास्कमध्ये बघणं वेगळं.

आता बहुतेक ब्रोमाइडांना डीपीपीएफवालं (दोन फॉस्फिन एकाच रेणूत असलेलं) पॅलेडियम क्लोराइड घालतो. नारिंगी-तांबडं, हवेत वजन करता येतं, 3 मोल टक्क्यांत काम होतं. डीपीपीएफचा कणा फेरोसीनचा. 1951 मध्ये फेरोसीन जगापुढे आलं तेव्हा दोन कड्यांमध्ये लोखंड असं दाबून बसलंय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं; आज त्याच कड्यांवरची दोन फॉस्फिन पॅलेडियमला चिमट्यासारखी धरतात.

टेट्राकिसला पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा रंगासाठी, बिघडलं की लपवत नाही. तिसरी बाटली मागवलीय, पण या वेळी 1 ग्रॅमचीच.