फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ उरली असेल तर: राजाराम महाराजांची छत्री की सांतापोलोनिया मठातलं चित्र?

उफीझी, ड्युओमो, डेव्हिड सगळं उरकलं की मराठी माणसाला हमखास कास्चिने पार्कमधली छत्री सुचवली जाते, आणि त्यात चूक काहीच नाही. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला याच शहरात वारले, वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला आणि १८७४ मध्ये तिथंच छत्री उभी राहिली. डिझाइन ब्रिटिश वास्तुकार मँटचं, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा केला तोच. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या मोठ्या पुलाचं नावसुद्धा इंडियानो, म्हणजे भारतीय माणसाचं. परमुलखात हे बघून पोटात कालवतंच.

पण ती पायपीट! ट्रॅम पार्कच्या शहराकडच्या टोकाला सोडते आणि छत्री पार पश्चिमेच्या टोकाला, पार्क तीन किलोमीटरच्या वर लांब. जाताना झाडी, नदी, उत्साह असतो हो, पण दर्शन दहा मिनिटांत होतं आणि मग तोच सरळसोट रस्ता उलटा, ऊन डोक्यावर, बरोबर आई-बाबा, आमच्यात तर परतताना कोणी कोणाशी बोलतच नव्हतं.

सांतापोलोनिया सान मार्को चौकापासून दोन मिनिटांवर, तिकीट नाही. नन्सच्या मठातली जेवणाची खोली, आणि अख्ख्या भिंतीवर कास्तान्यो या चित्रकाराने १४४७ मध्ये काढलेलं लास्ट सपर, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण. बाहेरच्यांना मठात मज्जाव, त्यामुळे शतकानुशतकं हे चित्र कोणाला माहीतच नव्हतं. येशूला दगा देणारा जुडास टेबलाच्या अलीकडे एकटा बसलाय, आणि मागे रंगानेच काढलेल्या संगमरवरी फरशांची रांग, त्यातल्या बाकीच्या शांत पण येशू, पीटर आणि जुडासच्या डोक्यावरची तेवढी अशी खवळलेली की वीज पडल्यासारखी वाटते. मिलानमधल्या लिओनार्दोच्या लास्ट सपरला आधीपासून बुकिंग करा आणि पंधरा मिनिटांत बाहेर या, इथं माझ्यासोबत खोलीत एकच बाई होती आणि ती पण खुर्चीवर बसून.

कोल्हापूरकरांनी रागावू नये, मनाने मी छत्रीकडेच आहे. पण एकच सकाळ असेल तर मला वाटतं सांतापोलोनिया. सायकल भाड्याने घेणार असाल तर मात्र माझं ऐकू नका, बिनधास्त छत्री गाठा. आणि सांतापोलोनियाची वेळ आधी बघून घ्या, बहुतेक सकाळचीच असते.